निम्म्या वयाची सोबतीण

मुंबई रस्त्यावरच्या ज्या कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं काढली, तिथे एका वर्षी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. स्वेच्छा नेमकी कोणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. उदारीकरण, स्पर्धा, परदेशी भागीदार असे शब्द तेव्हा साहेब लोकांच्या तोंडी नवीनच आले होते. आमच्या प्लॅनिंग खात्यातले निम्मे लोक गेले, त्यांत मीही गेलो. पन्नाशी अजून गाठायची होती. सकाळी पर्वती चढून यायचो, दुपारी तोच पेपर पुन्हा वाचायचो. घरातल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीला तेल घालून झालं तेव्हा बायकोने शांतपणे सांगितलं की आता स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी बदलायला येऊ नका.

त्याच सुमारास ओळखीतून कळलं की सेनापती बापट रस्त्याच्या आतल्या बाजूला एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. ती कारखान्यांसाठी प्रोग्रॅम तयार करते, आणि कारखान्यात माल कसा येतो, कुठे अडकतो, कसा बाहेर पडतो हे समजावून सांगणारा माणूस तिला हवा आहे. मुलाखत घेणारा साहेब तिशीतला होता. भरपूर प्रश्न विचारून झाल्यावर म्हणाला, सोमवारपासून या, आणि मला सर म्हणू नका, इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात.

सोमवारी गेलो. एचआरमधल्या बाईंनी खुर्ची दाखवली, कार्ड दिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीकडे हात करून सांगितलं की ही तुमची बडी. माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. नवीन माणसाला पहिले तीन महिने एक जुना सहकारी जोडून द्यायचा, अशी योजना नुकतीच सुरू झाली होती. साहेबाला विचारायला संकोच वाटेल ते या सहकाऱ्याला विचारायचं. माझ्या वाट्याला आलेला जुना सहकारी म्हणजे माझ्या निम्म्या वयाची, लांब वेणीची, अमरावतीकडची इंजिनियर. मी सवयीने उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "नमस्कार, आपण बसा ना." ती बसली नाही. मग आम्ही दोघंही काही वेळ उभेच राहिलो.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बडी म्हणजे मोठी ना? मग वय काय तिचं?" मी सांगितलं. "म्हणजे आपल्या मुलापेक्षा लहान. आणि ती तुम्हाला सांभाळणार." भाजी वाढताना ती हसत होती.

मला स्वतःला ही योजना जरा पोरकट वाटली होती. कारखान्यात नवीन माणसाला कोणी जोडून देत नसे, पण तो एकटाही राहत नसे. मी शिकाऊ म्हणून लागलो त्या दिवशी एका टर्नरने नाव-गाव न विचारता आपल्या डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवून त्यावर भाकरी ठेवली होती. तो पुढे कित्येक वर्षं मला शिव्या देत राहिला आणि मी त्याच्याकडूनच शिकलो. अशा गोष्टीची योजना कशी काय करणार, असं मला वाटे.

पण पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं की मला काहीच येत नाही. कामाचं म्हणाल तर ते येत होतं. वागायचं कसं, हे कळत नव्हतं. कारखान्यात भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर. इथे भोंगा नव्हता. पहिल्या दिवशी संध्याकाळी लोक एकेक करून दिसेनासे झाले आणि मी, कोणीतरी 'निघा' म्हणेल म्हणून बसून राहिलो. शेवटी तीच आली आणि म्हणाली, "सर, इथं कोणी सांगत नाही. काम झालं की उठायचं." सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचून बंद दारासमोर उभा असायचो, तेही तिनेच थांबवलं. साहेबाला नावाने हाक मारणं मात्र मला जमेना. मी त्यावर तोड काढली होती: कोणालाच हाक मारायची नाही, समोर जाऊन उभं राहायचं आणि त्याने वर पाहिलं की बोलायला लागायचं. हे तिच्या लक्षात आलं.  मग मला कोणाशी बोलायचं असलं की ती आधी त्या माणसाला आवाज द्यायची आणि मग माझ्याकडे बघायची.

शिकवण्याची तिची एक रीत होती. मी अडलो आहे हे तिला दिसे, पण ती लगेच येत नसे. थोडा वेळ जाऊ द्यायची, मग स्वतःचंच काहीतरी विचारायला म्हणून यायची. ब्रॅकेट म्हणजे काय, जॉब कार्ड कोण भरतं, असलं काही. ते सांगता सांगता माझंही काम होऊन जायचं. चारचौघांत तिने मला कधी काही दाखवलं नाही.

मग पूजेचा प्रकार घडला. घरी सत्यनारायण होता म्हणून मला एक दिवस रजा हवी होती. अर्ज ई-मेलने करायचा असतो हे शिकलो होतो. मी अगदी रीतसर, 'आदरणीय महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत इंग्रजीत अर्ज लिहिला, कारण दिलं, आणि कुठलं बटण दाबलं ते देवाला ठाऊक, तो साहेबाऐवजी सगळ्या कंपनीला गेला. पाच-दहा मिनिटांत उत्तरं यायला लागली. रजा मंजूर. आमच्याकडूनही मंजूर. एकाने लिहिलं होतं, तीर्थप्रसादाची सोय कळवावी. समोरच्या रांगेतली पोरं स्क्रीनमागे हसत होती. मी कानापर्यंत तापलो. असली गोष्ट कारखान्यात झाली असती तर निवृत्तीच्या भाषणातही कोणीतरी काढली असती.

ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, आता एकच उपाय आहे. पूजेनंतर शिरा आणा. पुष्कळ आणा."

मला हे काही पटलं नव्हतं, पण बायकोला पटलं. तिने मोठं पातेलंभर शिरा केला. ऑफिसात तो डबा उघडला तेव्हा ज्यांनी रजा मंजूर केली होती ते सगळे आले, साहेब आला, मालक म्हणवल्या जाणाऱ्या दोघांपैकी एक आला. माझी बडी कागदी बशांत शिरा घालून देत होती आणि मी उभा राहून कोणाचं गाव कोणतं ते विचारत होतो. त्या दिवसानंतर मला ओळखत नाही असा कोणी त्या मजल्यावर राहिला नाही.

त्या गर्दीत मला एक गोष्ट दिसली होती. लोक बशी तिच्या हातून घ्यायचे आणि बोलायचे माझ्याशी. एक मुलगा तिच्यापुढे हात करून म्हणाला, "देऊन राहिली का?" दोघं-तिघं हसले. तीही हसली. मला वाटलं, त्यांची आपसातली थट्टा आहे. बोलताना तिच्या तोंडी कधी कधी वऱ्हाडी क्रियापदं यायची, त्याची ती नक्कल होती.

दुपारी ती रोज माझ्याबरोबर जेवायची. हात धुवायच्या बेसिनजवळ एक लहान टेबल होतं, तिथे आम्ही दोघं. मी कारखान्यातल्या गोष्टी सांगायचो, ती ऐकायची. पलीकडे लांब टेबलावर तिच्या वयाची पोरं-पोरी गलका करत असायची. दुसऱ्या महिन्यात एकदा तिकडे मोठा हशा पिकला आणि तिने मान वळवून पाहिलं. मला तिची कीव आली. रोज आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसासमोर बसून लेथ मशीनच्या गोष्टी ऐकायच्या, तेही एचआरने लावून दिलंय म्हणून. मी म्हणालो, "हे बघा, आता मला इथलं सगळं समजलं आहे. रोज माझ्याबरोबर जेवायची सक्ती नाही. तुमच्या बरोबरीच्यांत बसत जा."

पुण्यात याला चांगुलपणा म्हणतात. तिने डब्याचं झाकण लावलं आणि "बरं, सर" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कामाचं विचारलं की नीट उत्तर द्यायची, पण स्वतःचं काही विचारायला यायची बंद झाली. मी एकटा जेवायचो आणि आपण एका मुलीला मोकळं केलं म्हणून मनात समाधानी होतो. एका रात्री बायकोने सहज म्हटलं की तुमच्या त्या बडीचं हल्ली काही ऐकू येत नाही. मी झालेलं सांगितलं.

"तिने तसं म्हटलं होतं का, की मला कंटाळा येतो?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"



त्यानंतर एक-दोन दिवसांनीच एका कारखान्याच्या लोकांची बैठक अचानक ठरल्या वेळेच्या अलीकडे आली आणि मला जेवणाच्या सुट्टीत तिला शोधावं लागलं. लांब टेबलावर ती नव्हती. तिथे विचारलं तर कोणाला माहीत नव्हतं, ती कुठे जेवते हा प्रश्न त्यांना कधी पडला नसावा. रखवालदार म्हणाला, "मॅडम ना? गच्चीवर असतात."

गच्चीवर वातानुकूलन यंत्रांची घरघर चालली होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक लाकडी खोकं उलटं करून ती त्यावर बसली होती आणि डबा खात होती. मला बघून ताडकन उठली. मी बैठकीचं सांगितलं. मग विचारलं की इथे का.

"इथं बरं वाटते."

"पण मी तुम्हाला तिकडे बसायला सांगितलं होतं. त्या पोरांमध्ये."

तिने डब्याकडे बघत म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"मला? अहो, मी तुमच्यासाठीच म्हणालो. तुमच्या वयाचे लोक सोडून..."

"त्यांच्यात बसता आलं असतं तर आधीच नसती का बसली मी, काकाजी?"

काकाजी हे तिने पहिल्यांदा म्हटलं. आमच्याकडे काकाला कोणी 'जी' लावत नाही. मी त्या खोक्याच्या कडेला बसलो. मग ती हळूहळू सांगत गेली.

ती माझ्या वर्षभर आधी लागली होती, तेव्हा बडी वगैरे काही नव्हतं. पहिले कित्येक आठवडे ती इथेच, या टाकीमागे जेवली. कोणी वाईट वागत नव्हतं. पण तिने तोंड उघडलं की कोणीतरी तिचंच वाक्य तिला पुन्हा म्हणून दाखवायचं आणि सगळे हसायचे. म्हणून ती आधी मनात वाक्य जुळवायची, पुण्याच्या वळणाचं करायची, आणि ते तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. विश्रांतवाडीला ज्या घरी ती पैसे देऊन राहत होती तिथेही बोलण्यासारखं कोणी नव्हतं. पुढे एचआरच्या बाईंनी एका बैठकीत विचारलं की नव्या माणसांना मदत करायला कोण तयार आहे. जादाचं काम, कोणी हात वर केला नाही. नंतर एकटीने जाऊन तिने आपलं नाव दिलं. मला खरं तर दुसरा, वयाने मोठा माणूस जोडून देणार होते. तिने मला मागून घेतलं.

"मला? का पण?"

"तुम्ही मुलाखतीला आले होते ना, तेव्हा मी बाहेर होती. तुम्ही खुर्चीवर बसले होते, आणि कोणी आत आलं की उभे राहत होते. शिपाई आला तरी उभे. मला वाटलं, यांनाही इथलं काही माहीत नाही."

मी खाली जाऊन माझा डबा घेऊन आलो. त्या दिवशी आम्ही गच्चीवरच जेवलो. बैठकीला उशीर झाला, त्याबद्दल साहेब थोडं बोलला.

इतके दिवस मी समजत होतो की ती मला नेमून दिलेली आहे. तिला माझी गरज असू शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वय वाढलं की माणूस असा एकाच बाजूने बघायला लागतो. आपण कोणावर तरी भार आहोत, नाहीतर कोणीतरी आपल्यावर आहे. त्या दिवसापासून मी तिला 'अगं' म्हणायला लागलो आणि ती, आजूबाजूला कोणी नसलं की, काकाजी.

आम्ही पुन्हा बेसिनजवळच्या टेबलावर बसायला लागलो. तिला लांब टेबलाकडे ढकलायचा प्रयत्न मी पुन्हा केला नाही. एकच गोष्ट केली. शिऱ्याच्या वेळचा तो मुलगा एकदा हात धुवायला आला आणि जाता जाता तिला म्हणाला, "काय, जेवून राहिली का?" मी त्याला विचारलं, आपण मूळचे कुठले. नारायण पेठेतले, तो म्हणाला.

"वाटत नाही," मी म्हणालो. "पेठेतला माणूस थट्टा करताना निदान दर वेळी नवीन काहीतरी करतो. हे तुम्ही मागच्या महिन्यातही म्हणाला होतात."

लांब टेबलावर ऐकू गेलं आणि सगळे हसले, या वेळी त्याला. तोही लाल होऊन हसला. ती नंतर माझ्यावर जरा रागावली, म्हणाली की तो मनाने वाईट नाही, उगाच बोललात. ते खरंही होतं. काही दिवसांनी तोच आपला डबा घेऊन आमच्याकडे आला आणि कारखान्यात लोक खरंच मशीनची पूजा करतात का ते विचारू लागला. मग आणखी एक मुलगी आली. लहान टेबलाला चारच खुर्च्या होत्या. शेवटी आम्हालाच उठून तिकडे जावं लागलं.

माझे तीन महिने संपले आणि एचआरने मलाच एका नव्या इंजिनियरचा सोबती नेमलं. तो पुण्याजवळच्या मांजरी गावचा होता, घरची उसाची शेती. मी सगळं शिकलेलं त्याच्यावर वापरलं. त्याच्याबरोबर जेवलो, त्याला वेळेवर घरी पाठवलं, त्याच्या 'हाय' आणि 'न्हाई'वर कोणी काही बोलणार नाही याची काळजी घेतली. दुसऱ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. कळवलंही नाही. मला ते लागलं. मी तिला म्हणालो की माझं काय चुकलं कळत नाही. ती म्हणाली, "मग जाऊन विचारा ना. मनातल्या मनात कशाला ठरवता?"

रविवारी स्कूटर काढून मांजरीला गेलो. तो अंगणातच होता, मातीने हात भरलेले. चुलत्याने फुलझाडांची रोपवाटिका काढली होती, तिथे तो लागला होता. त्याला मला बघून संकोच झाला, पण चहा केला, रोपं दाखवली. म्हणाला, "सायेब, तुमी लई केलं. तुमी नसता तर चौथ्याच दिशी गेलो असतो. पन त्या काचेच्या आत मला दम लागायचा." चांगला तासभर बसलो. निघताना त्याला परत या म्हणावंसं वाटलं नाही.

तिची माझी सोबत आणखी सुमारे दोन वर्षं चालली. मग तिला बंगळूरला नोकरी लागली. जायच्या आधीच्या शनिवारी म्हणाली, वडिलांसाठी रेडिओ घ्यायचा आहे, तुम्ही चला. आम्ही बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठपाशी नेहमीची गर्दी, त्यातून वाट काढत मी तिला माझ्या ओळखीच्या दुकानात नेलं. दुकानदार माझ्याच वयाचा. रेडिओ काढून ठेवताना त्याने विचारलं, "मुलगी का?"

"नाही. एकत्र काम करतो."

"विचारलं एवढंच. मुलगी असती तरी भाव हाच होता."

मी घासाघीस सुरू करणार, तेवढ्यात ती पुढे झाली. "काहून एवढे सांगून राहिले, दादा? आमच्या अमरावतीत यापेक्षा कमी आहे."

"मग अमरावतीत घ्या."

"तिथं आहे ना, पण तिथं तुमच्यासारखं बोलणारं कोणी नाही. म्हणून इथं आली."

दुकानदाराने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग भाव कमी केला आणि वर बॅटऱ्या घातल्या. इतक्या वर्षांत माझ्यासाठी त्याने हे केलेलं नव्हतं.

बाहेर आलो. विश्रांतवाडीला यायला तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला, चौथा तयार झाला. तिने वाकून नमस्कार करायला सुरुवात केली, तो मी भर रस्त्यात नको म्हणून थांबवला. ती म्हणाली, तब्येत सांभाळा, काकाजी, आणि काकूंना सांगा. काय सांगा ते बोलली नाही. रिक्षा गर्दीत शिरेपर्यंत मी उभा होतो.

रविवारी रात्री बायकोने विचारलं, उद्यापासून डब्यात दोन पोळ्या कमी देऊ का. बायको तिच्यासाठी रोज दोन जास्त देत होती हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, नको, राहू देत.